वांगी निघाली छावणीला

प्रवास करणाऱ्या मराठी माणसांचे दोन पंथ आहेत, बाजीरावी आणि पानिपती. थोरल्या बाजीरावांची फौज म्हणे घोड्यावर बसल्याबसल्या कणसं चोळून खायची. बरोबर जड तोफा नाहीत, तंबूंचा पसारा नाही, बायकामुलं नाहीत. ती आल्याचं शत्रूला कळेपर्यंत ती पुढच्या मुक्कामाला गेलेली असायची. दुसरा पंथ १७६०च्या मार्चमध्ये पटदूरहून निघाला. लढणारे होतेच, पण त्यांच्याहून बुणगे जास्त. एवीतेवी उत्तरेत निघालोच आहोत तर चार तीर्थंही उरकतील, या हिशेबानं आयाबाया, यात्रेकरू, आचारी, वाणी सगळेच मागे लागले. पुढे काय झालं ते सातवीतल्या मुलालाही ठाऊक असतं.

आमचं घराणं पानिपती. गेल्या डिसेंबरात आम्ही मुक्ताईनगरहून महूला लेकीकडे गेलो, तेव्हा या गोष्टीची पुन्हा एकदा खात्री पटली.

जावई लष्करात, सिग्नल कोअरमध्ये हवालदार. आजवर कधी वाळवंटात, कधी बर्फात असायचे. लेक फोनवर सांगायची, “इकडं येऊ नका, इथं राहायचीच सोय नाही.” आता महूला फॅमिली स्टेशन मिळालं, म्हणजे बायकोपोरांना घेऊन राहता येतं, क्वार्टर मिळतं. मग लेक म्हणाली, “या.” ती ‘या’ म्हणाली आणि तिच्या आईनं त्याच संध्याकाळी माळ्यावरचा बिबड्यांचा डबा खाली काढला.

अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी न्याहारी करून निघालं तर दुपारी लेकीच्या हातचं गरम वरण खायला मिळावं, असं नकाशा सांगतो. नकाशाला आमची आत्या माहीत नाही. आत्या ऐंशीच्या घरातली. तिला मागं ठेवून जायचं कुणाच्या छातीत नाही. “मी काय, कोपऱ्यात बसीन,” म्हणाली. गाडीला चार कोपरे असतात. त्यातला एक तिनं घेतला, दुसऱ्यात लोणच्याची बरणी बसवली, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत आम्ही बाकीचे.

“रेल्वेनं का जात नाही?” असं गावात सगळ्यांनी विचारलं. भुसावळसारखं जंक्शन उशाशी असताना माणसानं रस्त्यानं का मरावं, हा प्रश्न रास्त आहे. भुसावळहून हावडा गाठता येतं, दिल्ली गाठता येते. महू मात्र सरळ गाठता येत नाही. पूर्वी खांडव्याला गाडी बदलली की यायचं. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खांडवा ते इंदूर रेल्वे टाकून घेतली, १८७०च्या दशकात. छोट्या मापाची ती मीटरगेज गाडी घाटातून डुलत डुलत थेट महूला न्यायची. आत्या तिच्यातून गेलेली आहे. पाताळपाणीचा धबधबा आणि कालाकुंड स्टेशनावर पानात मिळणारा कलाकंद यांचं वर्णन ती असं करते की ऐकणाऱ्याला तिकीट काढावंसं वाटतं. पण मोठ्या मापाचे रूळ टाकायचे म्हणून जुनी गाडी बंद झाली. संस्थानिकाच्या पैशानं दीडशे वर्षांपूर्वी जी सोय झाली, ती आज आम्हाला नाही. मोठी गाडी येईपर्यंत आम्ही रस्त्यानं जाणार.

सामानाची यादी देतो, म्हणजे पंथाची कल्पना येईल. बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ, दोन प्रकारची शेव, एक जाड आणि एक बारीक. केळीचा अख्खा घड, कारण जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ते जावयाच्या शेजाऱ्यांना ठाऊक नसणार. त्याच साली आमच्या भरताच्या वांग्यांनाही ते मिळालं, म्हणून गोणीभर वांगी. आणि वांगी न्यायची तर ती भाजायला कपाशीची पऱ्हाटीही न्यायला हवी, असं आत्यानं ठरवलं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती भरीत म्हणत नाही, ‘वांग्याची भाजी’ म्हणते. तेव्हा वाळक्या पऱ्हाटीचा एक चांगला कंबरभर भारा सुतळीनं करकचून बांधून गाडीच्या टपावर चढला. मुलगा गाडी चालवणार होता. त्यानं टपाकडे एकदा पाहिलं, आईकडे एकदा पाहिलं, आणि तो काही बोलला नाही. लग्न व्हायचंय त्याचं, पण शहाणपण आधीच आलंय.

पूर्णेचा पूल ओलांडला, पुरनाड फाटा गेला, अंतुर्लीचा फाटा गेला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मग इच्छापूर, टेकडीवरची इच्छादेवी आणि मध्य प्रदेश. सरहद्द ओलांडल्याचं पाट्यांच्या रंगावरून कळतं. केळीवरून कळत नाही, ती तशीच पुढं चालू राहते. या रस्त्याला सरकारी कागदांत आणि ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून ‘इंदूर-एदलाबाद’ म्हणतात. आमच्या गावाचं जुनं नाव टिकलंय ते असं परराज्याच्या रस्त्यावर. रस्ताही त्या नावाइतकाच जुना असल्याची साक्ष गाडीच्या स्प्रिंगा देत होत्या. चौपदरी करायचं काम चालू आहे, त्यामुळे आज जिथं रस्ता आहे तिथं उद्या तो असेलच असं नाही. ‘डायव्हर्शन’ ही पाटी दिसली की मुलगा वेग कमी करायचा आणि आत्या बरणी पोटाशी धरायची.

बऱ्हाणपूरला तापी ओलांडून गावात शिरलो आणि मावा जिलबी खाल्ली. काळपट, जाडजूड, खव्याची. तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण डॉक्टर हा अंक वाचतात. पण बऱ्हाणपूर हे लष्करी कुटुंबांच्या इतिहासातलं फार मोठं ठिकाण आहे, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर इथं तळ देऊन होता आणि मुमताज महल त्याच्याबरोबर. नवऱ्याचं पोस्टिंग जिथं तिथं बायकोचा संसार. १६३१च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात ती इथंच गेली. तापीपलीकडच्या जैनाबादेत तिला आधी पुरलं होतं, ताजमहाल नंतरचा. जगभरचे लोक आग्र्याला जाऊन उसासे टाकतात, पण ती ज्या गावात जगली, बाळंत झाली आणि मेली ते आमच्यापासून तासाभरावर आहे आणि तिथं आम्ही जिलबी खातो. मी हे सगळं गाडीत सांगितलं. बायको म्हणाली, “चौदा? आणि फिरतीवर?” आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. माझ्या मते शाहजहानवर इतका थोडक्यात ठपका कुठल्याही इतिहासकारानं ठेवलेला नाही.

बऱ्हाणपूर सोडलं की असीरगड दिसायला लागतो. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला. १६०१ साली अकबरानं तो घेतला, १८१९ साली इंग्रजांनी. मधल्या काळात किती जणांच्या हातून किती जणांच्या हाती गेला याचा हिशेब गडालाही नसेल. पटदूरहून निघालेले सदाशिवरावभाऊही बऱ्हाणपूरवरूनच पुढे नर्मदेकडे गेले. हा सगळा रस्ताच फौजांचा. शेकडो वर्षं त्या इकडून आमच्याकडे यायच्या, पिकं तुडवायच्या, गुरं न्यायच्या, आणि आमचे पूर्वज डबे-मडकी घेऊन केळीच्या नाहीतर ज्वारीच्या रानात लपायचे. आता उलटा कारभार झालाय. फौज एका जागी बसलीय आणि डबे-मडकी घेऊन आम्हीच तिच्यावर चाल करून निघालोय. मला ही प्रगती वाटते.

असीरगडावर अश्वत्थामा भटकतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो अशी समजूत आहे. आत्यानं गाडी थांबवायला लावली. आम्हाला वाटलं पाय मोकळे करायचे असतील. तिनं पिशवीतून तेलाची बाटली काढली, रस्त्याकडेच्या दगडावर थोडं तेल घातलं आणि परत येऊन बसली. “भेटला तं ठीक, नई तं गडावर नेईल कोणी,” म्हणाली. हजारो वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला निदान एक दिवस तरी मुक्ताईनगरचं तेल मिळालं.

खांडव्याला मुलाला थांबायचं होतं, किशोरकुमारच्या समाधीसाठी. थांबलो नाही. त्यानं सूड म्हणून सनावदपर्यंत किशोरकुमारची गाणी स्वतः म्हटली.

सनावदच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी मला रावेरखेडीची आठवण झाली. नर्मदेच्या काठावर तिथं थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४०ला ते तिथं गेले. जायचं मनात होतं, पण टपावर भारा, मांडीवर घड आणि पायाशी वांगी अशा अवस्थेत त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? पुढच्या वेळी जाऊ, एकच पिशवी घेऊन.

मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल अरुंद आणि ट्रकांची रांग लांब. गाडी उभी आणि सूर्य उतरणीला. बायकोचा नर्मदेला नमस्कार करून झाला, नाणं टाकून झालं, दुसऱ्यांदा नमस्कार करून झाला, तरी आम्ही पुलावरच. शेजारून परिक्रमेला निघालेले दोघं चालत पुढं गेले, खांद्याला झोळी, हातात काठी. “नर्मदे हर!” म्हणाले आणि पाहता पाहता दिसेनासे झाले. माझी पाठ तोवर इतकी धरली होती की ‘हर’ म्हणायलाही जीव नव्हता. आणि मग लाज वाटली. आमच्या गावाहून मुक्ताईची पालखी दर आषाढीला पंढरपूरला जाते. महिनाभर पायी. माझ्याहून वयानं मोठी माणसं डोक्यावर तुळस घेऊन खान्देश, मराठवाडा तुडवत जातात आणि परत आल्यावर “थकवा?” म्हणून विचारलं तर हसतात. इथं आम्ही गादीवर बसून आलो आणि पाठीला बाम चोळत होतो. बसून जाणारा चालणाऱ्याहून जास्त का थकतो, याचं मला सुचलेलं उत्तर असं, की चालणाऱ्याला रस्ता कापायचा असतो आणि बसणाऱ्याला पोचायचं असतं. पण हे उत्तर पाठीनं मानलं नाही.

चोरलचा घाट चढून, सिमरोलहून आत वळून महूत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. रस्ते एकदम सरळ, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, कडेला एक कागद पडलेला नाही. होळकरांचा पाडाव झाल्यावर, १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी ही छावणी वसवली. होळकरांवर नजर ठेवायला वसवलेल्या गावात आज इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, दूरसंचाराचं शिक्षण देणारं लष्करी कॉलेज आहे. गाव बाजारापुरतं सगळ्यांना मोकळं. पण क्वार्टरकडे जायचं तर गेट.

गेटवर एक कोवळा जवान उभा होता. बंदूक त्याच्याहून वयानं मोठी वाटत होती. “आधार कार्ड?” आता आमची सगळ्यांची आधार कार्डं आत्यानं सांभाळायला घेतली होती. आणि आत्यानं ती सुरक्षित जागी ठेवली होती, म्हणजे सर्वांत खालच्या पिशवीत, कळण्याच्या पिठाच्या डब्याखाली. तेव्हा भारतीय सेनेच्या दारात, फोकसच्या उजेडात, आमचं सामान उतरायला लागलं. डबे, बरणी, शेवेच्या पिशव्या, केळीचा घड, वांग्याची गोणी. मागं एक जीप येऊन थांबली आणि तिनं निमूटपणे बाजूनं वाट काढली. आत्याला तो पोरगा उभा राहून अवघडल्यासारखा वाटला असावा. ती त्याला धीर देत म्हणाली, “बेटा, तुमच्या सगळ्यात मोठ्या सायेब आमच्या आमदार होत्या.” हे खरं आहे. प्रतिभाताई पाटील १९६७ ते १९८५ एदलाबादच्या आमदार होत्या, पुढे २००७ साली राष्ट्रपती झाल्या, म्हणजे तिन्ही दलांच्या सरसेनापती. २००९ साली पुण्यात त्या सुखोईतूनही उडाल्या, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. पोरगा अदबीनं म्हणाला, “जी माताजी. आधार कार्ड.”

कार्डं सापडली. मग त्याची नजर टपाकडे गेली.

“ये क्या है?”

“पऱ्हाटी,” मी म्हणालो. त्याचा चेहरा तसाच. मग मी हिंदीत शिरलो. “कपाशी का लकडी. वांगा भूनने का. बैंगन, बैंगन.”

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. “अच्छा! चोखा!” तो बिहारचा होता. त्यांच्याकडे लिट्टीबरोबर भाजलेल्या वांग्याचा चोखा खातात. कच्चं सरसूचं तेल, लसूण, मिरची. आमच्याकडे लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि फोडणी. टोमॅटो दोन्हीत घातला तरी चालतो, असं तो म्हणाला. आत्यानं जोरात मान हलवली. बंदूकवाल्याशी टोमॅटोवरून वाद घालणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन मिनिटं तो अगदी घरचा झाला. मग पुन्हा सैनिक झाला आणि म्हणाला, “चोखा तो हम भी खाते हैं, अंकल, लेकिन लकड़ी अंदर नहीं जाएगी।”

जावई आले ते एवढ्यात. युनिफॉर्ममध्येच, घाईघाईनं. सासूच्या पाया पडले, आत्याच्या पडले, आणि काहीतरी मदत करावी म्हणून केळीचा घड उचलून खांद्यावर घेतला. नेमके त्याच वेळी त्यांचे सुभेदार साहेब तिथून निघाले. खांद्यावर घड असेल तर सॅल्यूट करता येत नाही. जावई घडासकट सावधान उभे राहिले आणि म्हणाले, “राम राम साहब!” साहेबांनी घडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, वांग्याच्या गोणीकडे पाहिलं. “ससुराल?” एवढंच विचारलं आणि हसत पुढे गेले. प्रत्येक फौजीला सासुरवाडी असते.

भारा गेटवर राहिला. रजिस्टरमध्ये नोंद झाली: सूखी लकड़ी, बंडल, एक. मी सही केली. सेवेत असताना हजेरीपटावर आयुष्यभर सह्या केल्या, पण इतकी मन लावून केली नव्हती.

भरीत मग गॅसवरच भाजलं. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पाहत होती आणि दर वांग्यागणिक एक सुस्कारा सोडत होती. शेजारच्या क्वार्टरमधली पंजाबी बाई “भरता!” म्हणत आली, वरच्या मजल्यावरची तमिळ बाई वाटी घेऊन आली, गेटवरच्या पोराला डबा गेला. त्या इमारतीत त्या रात्री बहुधा सगळ्यांनी वांगीच खाल्ली. नातवानं मला “जय हिंद, आजोबा” केलं, टाच आपटून, आणि माझ्या ताटातली बिबडी उचलून नेली. लेक पानाशी बसून हिंदीत शेजारणीशी, इंग्रजीत फोनवर आणि आमच्या बोलीत आत्याशी बोलत होती, तिन्ही एकाच वेळी, आणि कुठेही अडत नव्हती. गावात असताना हिला पाहुण्यांसमोर पाणी आणायला लाज वाटायची.

सकाळी आम्ही बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मभूमीवर गेलो. त्यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवायचे; त्यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. नोकरीनं त्यांना इथं आणलं आणि १४ एप्रिल १८९१ रोजी या छावणीत भीमराव जन्मले, आईवडिलांचं चौदावं अपत्य. कालच बऱ्हाणपुरात एक चौदावं बाळंतपण ऐकलं होतं, त्यामुळे बायकोनं माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा काय म्हणणार ते मला कळलं, आणि ती काही म्हणाली नाही. गावाचं नावही २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. आवारात जिकडेतिकडे मराठी ऐकू येत होतं. एक आजी स्तूपाच्या पायरीशी डोकं टेकून उभी राहिली आणि मग नातीला म्हणाली, “बाप फौजेत होता म्हून इथं.” छावणीत वाढलेल्या पोरांबद्दल माझी समजूत अशी होती की ती मुळं नसलेली होतात, आज इथं, उद्या तिथं. त्या पायरीपाशी ती समजूत टिकणं कठीण होतं. मी नातवाचा हात जरा घट्ट धरला. त्यानं तो सोडवून घेतला, त्याला कबुतरं पकडायची होती.

परतीची तयारी म्हणजे कॅन्टीन. गावातल्या अर्ध्या लोकांनी याद्या दिल्या होत्या. मिक्सर, चादरी, सूटकेस, आणि शेवटी हळू आवाजात आणखी एक वस्तू. फौजीच्या कॅन्टीनमध्ये सगळं अर्ध्या किमतीत आणि लागेल तितकं मिळतं, अशी गावाची श्रद्धा आहे. कार्ड असतं, त्यावर मर्यादा असते, आणि ती वस्तू जावयाच्या नावानं असते, गावाच्या नव्हे. हे समजावून सांगता सांगता जावयांचा घसा बसला. आम्ही एक सूटकेस घेतली. तिच्यात बसेल एवढंच सामान घेऊन यापुढे प्रवास करायचा, असा ठराव झाला. सूटकेस भरल्यावर उरलेलं सामान पिशव्यांत घातलं.

निघताना गेटवर दुसरा जवान होता. त्यानं रजिस्टर काढलं, बोट फिरवत नोंद शोधली, आतून भारा आणला. सुतळीला नंबराची चिठ्ठी बांधलेली. “चेक कर लीजिए।” आत्या गाडीतून उतरली, भाऱ्याभोवती एक फेरी मारली, दोन काड्या ओढून पाहिल्या आणि मान डोलावली. मी सही केली आणि भारा पुन्हा टपावर चढला.

तुमचं कुणी महूला असेल तर पावसाळा टाळा, नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल बंद करतात. आधार कार्ड खिशात ठेवा. काड्या घरी ठेवल्या तरी चालेल, वांगी मात्र दोन किलो जास्त घ्या. इमारतीत घरं पुष्कळ असतात आणि गेटवर बिहारचं कुणी ना कुणी असतंच.